यादी देते, पण आधी थोडं भांडू दे

पत्र थोडक्यात असं. लिहिणारी २७ वर्षांची, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स बघते, राहायला राजारामपुरीत. शाळेत ड्रॉइंगच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, मग कॉमर्स. इन्स्टावर शेकड्यानं आर्टिस्ट फॉलो केलेत पण आता सगळं एकसारखंच दिसायला लागलंय, त्यात पुण्याच्या मैत्रिणीनं "तू बघतेस ते आर्ट नाही, क्यूट कंटेंट आहे" असं ऐकवलं तेव्हापासून उत्साहच गेलाय. पत्र लिहिणारीचं स्वतःचं म्हणणं, कोल्हापुरात पोर्ट्रेट आणि लँडस्केपच्या पुढं काही नाही, आजचं बघायचं तर मुंबई-दिल्लीतच राहायला पाहिजे. गॅलरीत पाऊल टाकायची भीती वाटते, कारण "मला काही कळत नाही हे तिथल्या लोकांना कळेल". तर सध्याचे स्ट्रीट आर्टिस्ट, पेंटर, शिल्पकार यातले खरंच फॉलो करण्यासारखे कोण याची यादी द्या आणि चांगलं कोण ते ओळखायचं कसं तेही सांगा.

अगं, नावं देते की, खाली येतीलच. पण नुसती नावं दिली आणि तू ती त्या शेकड्यात टाकलीस तर महिन्याभरात तीही तशीच दिसायला लागतील, कारण अडचण नावांची नाहीच. मैत्रीण बोलली ते तिरकं होतं पण अर्धं खरं आहे. फोनवर काय वर येतं बघ, पंधरा सेकंदात ज्याची मजा संपते ते. रंगीत पेन्सिलनं काढलेला डोळा, त्यात पाण्याचा थेंब, शेवटी फोटोशेजारी धरून दाखवायचं आणि खाली हजार जण विचारणार की हा फोटो आहे का चित्र. हात असतो त्या पोरांचा, नाही म्हणत नाही मी, पण बघणाऱ्याला "बापरे" म्हणण्यापलीकडं काही कामच उरत नाही. आणि याच फोनवर वीस फुटी भिंत अंगठ्याएवढी होते, कॅनव्हासवरचा रंगाचा थर दिसत नाही, शिल्पाचे तर सगळ्यात जास्त हाल, त्याला मागची बाजूच राहत नाही.

खासबागेत कुस्ती बघायला जाणाऱ्या माणसाला "फॉलो करण्यासारखे पैलवान" अशी यादी कुणी देत नाही. तो चार मैदानं बघतो, एखाद्या पोराची पकड लक्षात राहते, मग तो पोरगा पुढच्या वेळी कुठं लढणार ते तो स्वतःच शोधत जातो, आणि दोन वर्षांनी तोच छातीठोक सांगतो की ह्याची लय बिघडली की सुधारली. चित्राचंही तेच आहे, फक्त तिथं आपण उगाच परीक्षेला बसल्यासारखं बसतो.

आता कोल्हापूरचं. हे वाक्य मला जरा लागलंच, म्हणून सविस्तर बोलते.

तुझी अर्धी तक्रार बरोबर आहे. आपल्याकडं रंकाळ्याची संध्याकाळ, फेटेवाला म्हातारा, सुरकुत्या, पन्हाळ्याची वाट हे इतकं काढलं गेलंय की प्रदर्शनाच्या दारातूनच आत काय असेल ते सांगता येतं. पण तो दोष वास्तववादाचा नाही, न बघता काढण्याचा आहे. न बघता काढलेलं अ‍ॅबस्ट्रॅक्टही तितकंच कंटाळवाणं असतं, फक्त त्याला नावं ठेवायची लोकांची हिंमत होत नाही. ठाण्याचे सुधीर पटवर्धन घे. पेशानं रेडिऑलॉजिस्ट, आणि आयुष्यभर माणसंच रंगवली, लोकलमधली, कारखान्यातली, इराण्याच्या हॉटेलात बसलेली. हात पाय नाक डोळे सगळं जागच्या जागी आहे त्यांच्या चित्रांत, तरी त्यांना जुन्या पठडीतला कुणी म्हणत नाही. कंटेम्पररी म्हणजे आत्ताचं, एवढंच. न समजणारं असलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय?

आणि आपल्या गावात "आत्ताचं" करायची खोड तर जुनीच आहे. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातून शिकून परत आले आणि कोटितीर्थ तलावाच्या काठाला बसून तिथलाच उजेड रंगवत राहिले, तेव्हा तो विषय घासून गुळगुळीत झालेला नव्हता. बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा इथंच तयार केला, आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२० च्या दशकात रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला थांबवणारं ते चित्र, त्याला आज आपण काय म्हणलो असतो? बिंदू चौकात तर तू हजारदा गेली असशील. तिथले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. त्यामागं होते भाई माधवराव बागल, आणि ते स्वतः चित्रकार होते हे आपण विसरूनच गेलोय. हयात माणसाचा पुतळा, तोही कुणा राजाचा नाही, भर चौकात. ७५ वर्षांपूर्वी याच्यापेक्षा आजचं काय असणार होतं सांग बघू.

बरं तू तर फाउंड्रीत काम करतेस! पत्रात हे तू ओळख म्हणून सहज लिहून गेलीस, पण मी तिथंच अडकले. तुझ्या ऑफिसातून पन्नास पावलांवर पॅटर्न, मोल्ड, कोअर, पोरिंग, म्हणजे साचे करून त्यात धातू ओतायचं काम रोज चालतं आणि तू मला विचारतेस शिल्प कळायचं कसं. उद्या घरी येताना कावळा नाक्याला सिग्नल लागला की ताराराणींच्या पुतळ्याकडं बघ. रवींद्र मेस्त्रींचं काम. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, पुढचा सगळा भार हवेत, वर राणी तलवार घेऊन. तो एवढा जड प्रकार त्या दोन पायांवर पेलायचा कसा हा प्रश्न सौंदर्याच्या आधी वजनाचा आहे. आधी आत लोखंडी सांगाडा, त्यावर माती, मग प्लास्टरचा साचा, मग ओतकाम, मोठा पुतळा तुकड्या-तुकड्यांनी ओततात, आतून पोकळ ठेवतात, जोड वेल्ड करून घासून काढतात आणि वरून केमिकलनं रंग आणतात. तुमच्या शॉपमधल्या एखाद्या जुन्या मोल्डरला, म्हणजे साचे करणाऱ्याला, डबा खायच्या वेळी गाठ आणि विचार की काका, हे तुमच्याकडं करायचं झालं तर कुठं अडेल. गॅलरीतल्या कुठल्याही माणसापेक्षा चांगलं उत्तर मिळेल, पैज लावते. आणि एकदा हे डोक्यात बसलं की कुठल्याही पुतळ्याभोवती तू आपोआप फिरून बघायला लागशील. फिरून बघ म्हणजे काय, तर मागून बघ. पुढून सगळेच मन लावून करतात. पाठ, कोपर, कपड्याची मागची चुणी इथं कंटाळा केलेला असला की कळतं. आणि हल्ली चौकाचौकात फायबरवर ब्राँझचा रंग मारलेले जे प्रकार उभे राहतात तेही तुला लांबूनच ओळखू येतील, त्याचा त्रास होईल जरा, पण इलाज नाही.

म्हणून शिल्पकारांची नावं तुला त्याच बाजूनं देते. सुबोध गुप्ता, बिहारमधल्या खगौलचे, स्टीलची पातेली, डबे, ताटं यांतून प्रचंड मोठी कामं उभी करतात. २००८ चं 'लाइन ऑफ कंट्रोल' म्हणून आहे, भांड्यांचा अणुस्फोटाचा ढग, शोधून बघ. मग प्रभाकर कांबळे यांची 'उतरंड', मडक्यावर मडकं. आपल्या आज्जीच्या घरातली गोष्ट, पण खालच्या मडक्यावर कुणाचं वजन आहे हे विचारायला लागलं की ती जातीची गोष्ट होते. २०२२ ला ते काम बर्लिन बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होतं. तिथं लोकांना शेजारी पाटी लावून समजवावं लागलं असेल, तुला पाटी लागणार नाही. अमोल के. पाटील मुंबईचे, चाळ, गिरणी, सफाई कामगार हे त्यांचं जग, २०२२ च्याच डॉक्युमेंटात होते, म्हणजे जर्मनीत कासेलला दर पाच वर्षांनी भरतं ते मोठं प्रदर्शन. या तिघांची जागतिक वगैरे कीर्ती सोड, मी ही नावं देतेय कारण त्यांचं सामान तुझ्या ओळखीचं आहे. अनोळखी सामानाकडं नंतर जाता येतं.

पेंटरमध्ये पटवर्धन झाले. अतुल दोडियांनी दुकानाच्या शटरवर चित्रं काढलीत, शटर वर केलं की मागं दुसरं चित्र. महाद्वार रोडवरनं पहाटे, दुकानं बंद असताना एकदा चाल आणि मग ती चित्रं बघ. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातले, कोळशाच्या खाणीचा भाग, आणि ते चारकोलनं, म्हणजे कोळशानंच थेट भिंतीवर खाण कामगार काढतात, माणसांची डोकी कधी दिव्याची, कधी अवजाराची. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी. विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळ रंगवतात, मोर्चे, गर्दी, निळा रंग, ती चित्रं जवळनं बघशील तेव्हा गर्दीतला एकेक चेहरा वेगळा दिसेल. शिल्पा गुप्ता पेंटर म्हणता येणार नाहीत, त्या आवाज, लाइट, अक्षरं काहीही वापरतात, तरी या यादीत पाहिजेतच.

स्ट्रीट आर्टचं मात्र एक आधी स्पष्ट करते. भिंतीवर रंग म्हणजे स्ट्रीट आर्ट नाही. आपल्याकडं स्वच्छतेच्या नावाखाली फ्लायओव्हरचे खांब आणि शाळांच्या भिंती रंगवतात त्यातलं बरंचसं कंत्राटी काम आहे, ठरलेला मजकूर, फुटावर दर. त्यात वाईट काही नाही, पेंटरचं घर चालतं. पण ते बघताना भिंत कुणाची आणि पैसे कुणाचे हा प्रश्न विचारायची सवय लाव, मग चांगलं कंत्राटी काम आणि मनातून आलेलं काम यातला फरक हळूहळू कळतो. आणि कधीकधी कंत्राटीच भारी निघतं, तेही मान्य करायचं.

रणजित दहिया हे नाव आधी घे. मुंबईच्या भिंतींवर जुना हिंदी सिनेमा परत आणायचं काम ते २०१२ पासून करतायत, बांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीवर त्यांनी २०१४ ला दादासाहेब फाळके काढले, अख्खी इमारत भरून. बाबूराव पेंटरांच्या गावच्या पोरीनं ते बघायलाच पाहिजे. दिल्लीत लोधी कॉलनीत सरकारी क्वार्टर्सच्या भिंतींचा अख्खा परिसर स्टार्ट इंडिया फाउंडेशननं रंगवून घेतलाय, तिथं डाकू नावाचा एक जण होता, हयात असेपर्यंत त्याचा चेहरा फारसा कुणाला माहीत नव्हता, त्याचं एक काम असं की भिंतीतून अक्षरं बाहेर आलेली आहेत, ऊन पडलं की त्यांची सावली वाचता येते, सूर्य सरकला की मजकूर तिरका होत होत जातो. असल्या माणसाला फॉलो करायचं म्हणजे कामालाच करायचं, त्याचं लग्न, कुत्रा, ब्रेकफास्ट काही दिसणार नाही, आणि त्यातच शांती आहे. डाकू म्हणजे स्टार्टच्या संस्थापकांपैकी हनीफ कुरेशी, हे ते २०२४ ला गेल्यावर उघड झालं. त्यांनी रस्त्यावरच्या बोर्ड पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट करायचं काम सुरू केलं होतं, पेंटरच्या नावानं फॉन्ट. हे वाचल्यावर आपल्याकडचे बोर्ड बघ जरा, ट्रकमागची अक्षरं, नंबर प्लेट, तालमीची नावं, सजवलेल्या रिक्षा. फ्लेक्सनं बहुतेक खाल्लंय, पण जिथं हातानं रंगवलेला बोर्ड उरलाय तिथं खालच्या कोपऱ्यात बघ, पेंटरचं नाव असतं. त्याचा फोटो काढून ठेव. तुझ्या यादीतला तो पहिला लोकल माणूस.

अक्षरांचंच निघालंय तर अच्युत पालव यांची देवनागरी आणि मोडीची सुलेखनं, आणि बाहेरचं एक नाव, एल सीद. त्यानं २०१६ ला कैरोत कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत पन्नासएक इमारतींवर मिळून एकच अरबी वाक्य रंगवलं, कुठल्याही एका गच्चीवरनं ते तुटक दिसतं, डोंगरावर एका ठिकाणी उभं राहिलं तरच पूर्ण. बायकांच्या बाजूनं बघायचं असेल तर फिअरलेस कलेक्टिव्ह आणि अरवानी आर्ट प्रोजेक्ट, दुसऱ्यात ट्रान्सजेंडर बायका स्वतः भिंती रंगवतात, त्यामुळं ज्या मोहल्ल्यात त्यांना कुणी उभं करत नव्हतं तिथं त्यांना चहा विचारला जातो. बँक्सी, तो इंग्लंडचा निनावी स्ट्रीट आर्टिस्ट, मुद्दाम घेत नाही, तो तुला माहीत असणारच, आणि त्याच्या लिलावाच्या बातम्यांनी इतकी जागा अडवलीय की बाकीचं दिसेना झालंय.

झाली यादी. आता हिच्यातली पाचच ठेव. खरंच, पाच. आणि त्या पाचात दोन तरी अशी पाहिजेत ज्यांच्याशी तू समोर उभी राहून बोलू शकतेस, म्हणजे इथली. ती मी सांगणार नाही, तूच शोधायची. दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात अधूनमधून प्रदर्शनं लागतात, पेपरात आतल्या पानावर बारीक बातमी असते. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट या इथल्या कलाशाळांतल्या पोरांचं वार्षिक प्रदर्शन कधी ते विचारून ठेव, विद्यार्थ्यांचं काम कच्चं असतं पण अजून विकायला शिकलेलं नसतं म्हणून वेडंवाकडं धाडस तिथंच सापडतं, आणि पगारातून एखादं छोटं चित्र घ्यावंसं वाटलं तर परवडतंही. जानेवारीत रंगबहार संस्थेची 'मैफल रंगसुरांची' टाऊन हॉलच्या बागेत असते, एकीकडं गाणं आणि बाजूला चित्रकार, शिल्पकार सगळ्यांसमोर काम करत बसलेले. कोरा कॅनव्हास ते चित्र हा प्रवास तुझ्यासमोर होतो, कुठं हात थांबला, कुठं पुसलं, सगळं दिसतं. दहा रील्समधून हे कळत नाही कारण रीलमध्ये थांबलेला भाग कापलेला असतो. त्याच दिवशी टाऊन हॉलच्या म्युझियममध्येही शीर, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेला पोसायडनचा, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाचा छोटा ब्राँझ तिथं आहे, फाउंड्रीवालीनं बघण्यासारखा. राजारामपुरीतच राहतेस तर चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय पण सोडू नकोस, सिनेमातले चंद्रकांत, त्यांची पावडर शेडिंगची चित्रं आहेत.

गणपतीच्या आधी शाहूपुरीत, गंगावेशीत, बापट कॅम्पला कुंभारांकडं जाऊन बघ. हे मी गंमत म्हणून नाही सांगत. डोळ्यांची आखणी करणारा माणूस एका दमात ब्रश कसा फिरवतो ते बघितल्यावर चांगली रेघ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. फक्त आखणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही.

ओळखायचं कसं, हा तुझा दुसरा प्रश्न. माझी साधी पद्धत सांगते. कुणी आवडलं की त्याच्या अकाउंटच्या पार तळापर्यंत जायचं, पाच-सहा वर्षं मागं. काम बदललंय का? बदललं नसेल तर एकतर तो एका गोष्टीत खोल खोल चाललाय किंवा जे चालतं तेच विकतोय, आणि यातलं कुठलं ते चार-पाच चित्रं शेजारी ठेवली की कळतंच. दुसरं, तो आर्टिस्ट स्वतः कुणाला फॉलो करतो ते बघ, ती यादी माझ्या यादीपेक्षा चांगली असते. तिसरं, आवडलेलं सेव्ह कर आणि महिनाभर उघडू नको, मग न बघता आठवून सांग काय होतं त्यात. आठवलं नाही तर अनफॉलो, अपराधी वाटून घ्यायचं नाही. आणि एखादं काम बघून नुसतं चिडायला झालं तर ते मात्र ठेव, आवडलेल्यापेक्षा चीड आणणारं काम कधीकधी जास्त दिवस सोबत राहतं.

आता भीतीचं. "मला कळत नाही हे त्यांना कळेल." कळू दे की. तिथं बसलेल्याला त्याचं काहीच नसतं, उलट दिवसभर लोक एसीसाठी आत येतात आणि बाहेर जातात, कुणी एका चित्रासमोर दोन मिनिटं थांबलं तरी त्याला बरं वाटतं. मुंबई एकदा करच. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री बसलीस की सकाळी सीएसएमटी, तिथून काळा घोडा हा गॅलऱ्यांचा भाग चालत जाण्याएवढा. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, तिकीट नाही, आणि तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात, चित्रकार बहुतेक वेळा स्वतःच टेबलाशी बसलेला असतो. समोरच एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी आहे, ती सोमवारी बंद. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला गेलीस तर काळा घोडा फेस्टिव्हल लागेल, गर्दी फार, सेल्फीच जास्त, मला विचारशील तर एखादा साधा बुधवार बरा, रजा टाकून. चेमोल्डसारख्या खाजगी गॅलऱ्यांत कधी बेल वाजवून आत जावं लागतं, तिथंही पैसे लागत नाहीत आणि तू काही विकत घेणार नाहीस हे त्यांना दारातच कळलेलं असतं, त्यामुळं नाटक करायची गरजच नाही.

डिसेंबरात मात्र मुंबईपेक्षा पणजी. सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६ पासून भरतं, रजिस्ट्रेशन फुकट, जुन्या सरकारी इमारतींतनं चित्रं, शिल्पं, नाटक, गाणं सगळं, आणि सकाळी कोल्हापुरातनं निघालं की दुपारी तू तिथं. कोचीचं बिएनाले दर दोन वर्षांनी हिवाळ्यात असतं, २०१२ ला सुरू झालं, ते लांब पडतं आणि खर्चाचं आहे, त्याची घाई नको.

चित्रकार समोर असला की काय बोलायचं ही भीती असेल तर दोन प्रश्न पाठ करून जा. हे कुठं येऊन अडलं होतं? आणि याच्या आधीचं कुठलं? "याचा अर्थ काय" हे विचारू नको, त्याला कंटाळा आलेला असतो आणि तो पाठ केलेलं उत्तर देतो. फोटो काढायच्या आधी विचार. बाहेर पडताना वहीत "खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा" लिहिलेलं पानभर असेल, तू त्यात एका चित्राचं नाव लिही आणि त्यातलं काय बघितलंस ते, मराठीतच. खाली इन्स्टाचं नाव टाकायला विसरू नको, तो बहुधा रात्री घरी जाऊन वही वाचतो.